साखीरची शर्यत आणि मुंबईचा जेहान

शंकरपट म्हणजे काय हे यवतमाळ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. सुगी आटोपली, थंडी पडली, की कुठल्या गावचा पट कधी आहे याची चौकशी सुरू होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट तर लांबलांबच्या कास्तकारांना ओढून नेतो. जोडी निवडण्यात वर्षे जातात, खुराकावर पैसा जातो, आणि शेवटी सारा निकाल लागतो तो काही सेकंदांत. कोणत्या जोडीने बाजी मारली हे घड्याळ सांगते, तेही सेकंदाचे शंभर भाग करून. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पट बंद पडले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला.

पटावर एक प्रश्न हमखास निघतो. जिंकले कोण? बैल की धुरकरी? का ज्याने जोडीवर पैसा लावला तो मालक? पारावर बसून या प्रश्नाचा निकाल लावणारे पुष्कळ भेटतात, पण दोघांचे एकमत होत नाही. आज मला जी हकीकत सांगायची आहे ती मोटारींच्या पटाची आहे, आणि तिच्यातही हाच प्रश्न दडलेला आहे.

ठिकाण बहारीन. इराणच्या आखातातले एक लहानसे बेट-राज्य. तेथे साखीर नावाच्या जागी, वाळवंटात, मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला डांबरी मार्ग आहे. दिवस रविवार, ६ डिसेंबर २०२०. करोनाच्या साथीचे ते वर्ष. त्या दिवशी जेहान दारूवाला या मुंबईच्या २२ वर्षांच्या पारशी तरुणाने फॉर्म्युला टू या गटातली शर्यत जिंकली. त्या गटात शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ती बहुधा नीट येत नाही. मोटार शर्यतीची सर्वांत वरची पायरी म्हणजे फॉर्म्युला वन. तिची जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोन येथे झाली आणि इटलीच्या ज्युसेप्पे फारिना याने ती जिंकली. फॉर्म्युला टू ही तिच्या लगेच खालची पायरी. कुस्तीच्या भाषेत बोलायचे तर मुख्य आखाड्याच्या दारापर्यंत पोचवणारी लढत. फॉर्म्युला वनची शर्यत आजपर्यंत एकाही भारतीय चालकाने जिंकलेली नाही. शिवाय फॉर्म्युला टू हे नाव २०१७ साली पुन्हा रूढ झाले. त्याआधी याच पायरीला जीपी टू म्हणत, आणि तेथे मद्रासच्या करुण चंडोकने २००७ साली बेल्जियमच्या स्पा येथे व २००८ साली जर्मनीच्या होकेनहाइम येथे शर्यती जिंकल्या होत्या. त्याच्याही आधीपासून मैदानात असलेल्या नारायण कार्तिकेयनने डिसेंबर २००७ मध्ये चीनमधील झुहाई येथे भारताच्या नावाने धावणाऱ्या गाडीत विजय मिळवला होता; ती देशादेशांतली निराळी स्पर्धा. म्हणजे जेहानच्या आधी वाट कोणी मळलीच नव्हती असे नाही. गुरुजनांनी वर्गात हे सांगताना ‘पहिला’ हा शब्द जरा जपून वापरावा, एवढेच. त्याने जेहानचे मोल तिळभरही कमी होत नाही.

तर जेहान. जन्म १ ऑक्टोबर १९९८. मुंबईत गो-कार्ट चालवता चालवता त्याला या खेळाची गोडी लागली. गो-कार्ट म्हणजे जमिनीला चिकटून पळणारी, छप्पर नसलेली छोटी गाडी. बसणाऱ्याचे ढुंगण रस्त्यापासून चार बोटांवर असते म्हणा ना! राष्ट्रीय विजेते रेयोमंद बानाजी यांच्या हाताखाली तो शिकला. २०११ साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने भारतभर होतकरू मुलांचा शोध घेतला. अब्जातून एक, असे त्या शोधाचे नाव. त्यातून तीन मुले निवडली गेली आणि त्यांत हा तेरा वर्षांचा पोरगा होता. निवडलेल्या मुलांना परदेशात स्पर्धांत उतरवण्यात आले. २०१३ साली जेहान ब्रिटनमधल्या कुमार गटाच्या गो-कार्ट स्पर्धेचा विजेता झाला. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याने न्यूझीलंडची ग्रां प्री जिंकली. २०१९ साली फॉर्म्युला थ्रीमध्ये तो वर्षअखेर तिसरा आला, आणि २०२० मध्ये कार्लिन नावाच्या इंग्रज संघातून फॉर्म्युला टूमध्ये उतरला.

अब्जातून एक हे नाव ऐकायला मोठे गोड आहे. पण विचार करा. गो-कार्टचे मैदान असते मोठ्या शहरात. दिग्रसच्या किंवा झरीच्या पोराने ते पाहिलेलेही नसते. जेहानचे वडील मोठे उद्योजक. या खेळात वर्षाचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो, आणि तो सोसणारे घर पाठीशी नसेल तर नुसत्या हिमतीवर निभाव लागत नाही. तेव्हा शोध अब्जात झाला असे म्हणण्यापेक्षा काही हजारांत झाला म्हणणे खरे ठरेल. मी हे जेहानला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. श्रीमंतांची मुले या खेळात शेकड्यांनी उतरतात आणि शेकड्यांनी मागे राहतात. पैशाने गाडी मिळते, पण वळणावर ब्रेक किती उशिरा दाबायचा ही अक्कल पैशाने मिळत नाही.

फॉर्म्युला टूचे वैशिष्ट्य असे की, येथे सर्वांना एकाच घडणीची गाडी असते. सांगाडा इटलीच्या दल्लारा कंपनीचा, इंजिन मेकाक्रोमचे, टायर पिरेलीचे. कुणाची जोडी खिलारी आणि कुणाची मरतुकडी असा प्रकार नाही. एका अर्थी साऱ्या धुरकऱ्यांना सारखेच बैल दिलेले आहेत. जोडणी कोण कशी करतो, टायर कोण किती जपतो, यात फरक पडतो. पण पुष्कळसा निकाल माणसावर येऊन ठेपतो.

त्या आठवड्यात साखीरला नेहमीचा लांब मार्ग सोडून बाहेरचा आखूड मार्ग घेतला होता. एक फेरी अवघी ३.५४३ किलोमीटरची. वळणे थोडी, सरळ धाव जास्त. अशा मार्गावर पुढच्या गाडीच्या पाठीमागे चिकटून पळाले की तिने हवा कापलेली असते, मागच्याला जोर कमी लागतो. डांबरी सडकेवर ट्रकच्या मागे सायकल दामटणाऱ्या पोरांना हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक असते. (त्यांना तसे करू देऊ नये, हेही येथेच सांगून टाकतो.) त्यामुळे पुढे असणाऱ्याला उसंत नाही, जरा चुकला की मागचा शेजारी येऊन भिडलाच.

आणि त्या मार्गावर त्या दिवसांत एक सावट होते. बरोबर सात दिवस आधी, २९ नोव्हेंबरला, याच साखीरच्या मैदानावर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँ या चालकाची गाडी पहिल्याच फेरीत कठड्यावर आदळली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि आगीचा डोंब उसळला. सुमारे २८ सेकंद हा माणूस त्या आगीत होता. मग तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, हात भाजलेले, पण जिवंत. चालकाच्या डोक्याभोवती बसवलेल्या टायटेनियमच्या कड्याने त्याचे डोके वाचवले. त्याआधी वर्षभर, ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, फॉर्म्युला टूच्याच शर्यतीत स्पा येथे आंतवान युबेर हा बावीस वर्षांचा फ्रेंच तरुण प्राणास मुकला होता. साखीरला जमलेली ही विशी-बाविशीची पोरे हे सारे पाहून, जाणून गाडीत बसली होती.

फॉर्म्युला टूमध्ये तेव्हा शनिवारी मोठी शर्यत आणि रविवारी धाकटी शर्यत असे. शनिवारच्या पहिल्या आठ जणांचा क्रम उलटा करून रविवारी उभे करीत. आठवा आलेला सर्वांच्या पुढे. जेहान या हिशोबाने पहिल्या ओळीत आला होता. शेजारी, सर्वांत पुढच्या जागी इंग्लंडचा डॅन टिक्टम. आणि मागच्याच ओळीत मिक शूमाकर, सात वेळा जगज्जेता झालेल्या मिखाएल शूमाकरचा मुलगा. मिकचे त्या वर्षाचे अजिंक्यपद त्याच दिवशी ठरायचे होते.

दिवे विझले आणि गाड्या सुटल्या. जेहानने टिक्टमच्या बरोबरीने गाडी घातली. टिक्टमने त्याला दाबले. दोघांच्या या ओढाताणीत तिसरा शूमाकर घुसला. तीन गाड्या एकमेकींना खेटून, ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे! पटावर दोन जोड्या एकमेकींच्या अंगावर जायला लागल्या की लोक कसे उठून उभे राहतात, तसा तो क्षण होता. पण साथीमुळे प्रेक्षकांना फारशी मुभा नव्हती. पाहणारे पाहत होते ते घरोघरी, पडद्यावर.

जेहानने घाई केली नाही. मला या शर्यतीत सर्वांत आवडतो तो हाच भाग. शूमाकरने जोर लावताना ब्रेक असा दाबला की चाक जागीच अडकले आणि टायर घासून एका बाजूला सपाट झाला. बंडीच्या चाकाची धाव एके ठिकाणी चेपली तर बंडी कशी धाडधाड आदळत चालते? तीच गत. पुढे त्याला टायर बदलायला थांबावे लागले आणि तो अठरावा आला. तरीही वर्षाच्या गुणांची बेरीज त्याच्याच बाजूने राहिल्याने अजिंक्यपद त्याला मिळाले. शर्यतीत अठरावा आणि वर्षाचा पहिला, अशी गंमतही या खेळात घडते. जेहानने मात्र टायर जपले, समोरच्यांना एकेक करून मागे टाकले, आणि एकदा पुढे गेल्यावर कुणाला जवळ येऊ दिले नाही. त्याच्याच संघाचा जपानी सोबती युकी त्सुनोदा दुसरा आला, तीन-साडेतीन सेकंद मागे. टिक्टम तिसरा.

चौतीस फेऱ्या, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर, आणि वेळ पाऊण तासाच्या आत. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला आगगाडी ११३ किलोमीटरला चार तास घेत असे! तिची गाठ यांच्याशी घालणे अन्यायाचे आहे, हे कबूल. शकुंतलेत बसून लोकांनी लग्ने जुळवली, कापसाचे भाव ठरवले. फॉर्म्युला टूच्या गाडीत दुसरा माणूस बसतच नाही.

विजयानंतर जेहान जे बोलला त्याचा आशय असा होता की, युरोपातल्या मुलांइतक्या सोयी आपल्या देशात नसल्या तरी कष्ट केले तर त्यांच्याशी बरोबरीने लढता येते, हे मायदेशी लोकांना दाखवायचे होते. बोलणे साधे आणि खरे आहे. आपल्या देशात मोटार शर्यती वाढल्या त्या मुळी टाकून दिलेल्या विमानतळांवर. मद्रासजवळचे शोलावरम, कलकत्त्याजवळचे बराकपूर, मुंबईचे जुहू. युद्ध संपले, विमाने गेली, आणि रिकाम्या धावपट्टीवर हौशी लोकांनी गाड्या पळवल्या. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे खरे आंतरराष्ट्रीय मैदान झाले ते २०११ साली. तेथे २०११, २०१२, २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि कराच्या व इतर भानगडींत ते प्रकरण थांबले. जेहानची निवड झाली आणि मायदेशी पहिली ग्रां प्री झाली, ते वर्ष एकच.

आता हकीकतीचा दुसरा धागा. त्याच ६ डिसेंबरला, त्याच मार्गावर, फॉर्म्युला वनची शर्यत झाली. मेक्सिकोचा सेर्जियो पेरेझ पहिल्या फेरीत धडक बसून सर्वांच्या मागे फेकला गेला. तेथून एकेक गाडी मागे टाकत त्याने ८७ फेऱ्यांची ती शर्यत जिंकली. फॉर्म्युला वनमधला हा त्याचा पहिला विजय. किती शर्यतींनंतर? १९० व्या शर्यतीत. दहा वर्षे हा माणूस धावत होता!

पेरेझचा संघ होता रेसिंग पॉइंट. हा संघ म्हणजे पूर्वीचा फोर्स इंडिया. ज्या संघाने २०११ साली मुंबईच्या तेरा वर्षांच्या पोराला निवडले, तोच. विजय मल्ल्या यांनी २००८ पासून चालवलेला हा संघ कर्जात बुडाला आणि जुलै २०१८ मध्ये त्याचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. तो अर्ज करण्यात खुद्द पेरेझचा पुढाकार होता, कारण तसे केले नसते तर संघ मोडून सुमारे चारशे माणसांच्या चुली विझल्या असत्या. मग नवे मालक आले, नाव बदलले. आणखी मागे जाऊ. फोर्स इंडियाच्या आधी स्पायकर, त्याआधी मिडलँड, त्याआधी जॉर्डन. आणि जॉर्डनच्याच गाडीतून मार्च २००५ मध्ये मेलबर्न येथे नारायण कार्तिकेयन धावला, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. सिल्व्हरस्टोनच्या एका कारखान्याची पाटी बदलत गेली, माणसे पुष्कळशी तीच राहिली, आणि भारतीय मोटार शर्यतीच्या इतिहासाचे दोन मोठे दुवे त्या एका छपराखाली सापडतात. २०२१ पासून त्या पाटीवर ॲस्टन मार्टिन असे नाव आहे.

म्हणजे एकाच रविवारी, एकाच वाळवंटात, त्या एका मुळाच्या दोन फांद्यांना पहिले फळ आले. योगायोगच. पण पुढे दोन्ही फळांचे काय झाले ते पाहा. पेरेझला त्या दिवसापर्यंत पुढच्या वर्षाची जागा नव्हती. संघाने त्याच्याऐवजी दुसरा चालक घेतला होता. विजयानंतर त्याच महिन्यात रेड बुल संघाने त्याला घेतले. शूमाकर पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. साखीरला जेहानच्या मागे आलेला त्सुनोदाही गेला. जेहान गेला नाही. वर्षाच्या एकूण गुणांत तो बाराव्या जागी होता, आणि एका विजयाने वर्षाची तूट भरून निघत नाही.

त्याने हार मानली नाही हे खरे. जून २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे मॅकलारेन संघाची आदल्या वर्षीची फॉर्म्युला वन गाडी त्याने चाचणीसाठी चालवली. सप्टेंबर २०२२ मध्ये इटलीच्या मोंझा येथे त्याने फॉर्म्युला टूची मोठी, रविवारची शर्यत जिंकली. माझ्या मते तो विजय साखीरपेक्षा मोलाचा, कारण तेथे उलट्या क्रमाचा लाभ नव्हता. पण लोकांच्या लक्षात राहतो तो पहिला. फॉर्म्युला वनची जागा त्यानंतरही मिळाली नाही. तेथे तेव्हा सगळ्या जगातून जेमतेम वीस चालक घेत. जानेवारी २०२४ मध्ये तो मेक्सिको येथे विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतीत मासेराती संघातून उतरला.

फॉर्म्युला ईचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या वावरात जो महिंद्राचा ट्रॅक्टर चालतो, नागपूरला ज्याचा कारखाना आहे, त्याच महिंद्राचा या विजेच्या शर्यतींत संघ आहे. जून २०१७ मध्ये बर्लिन येथे त्या संघाने आपली पहिली शर्यत जिंकली. चालक होता स्वीडनचा फेलिक्स रोझेनक्विस्ट. साखीरला चालक भारतीय आणि संघ इंग्रज. बर्लिनला संघ भारतीय आणि चालक स्वीडिश. पारावरच्या मंडळींनी आता सांगावे, यांतला आपला विजय कोणता?

गुरुजींसाठी दोन आकडे देतो, मुलांना हिशोब घालायला उपयोगी पडतील. त्या साखीरच्या मार्गावर फॉर्म्युला वनची सर्वांत जलद फेरी व्हाल्टेरी बोटासने शनिवारी घेतली, ५३.३७७ सेकंदांत. फेरी ३.५४३ किलोमीटरची. ताशी वेग किती, ते मुलांनी काढावे. उत्तर २३९ च्या आसपास आले पाहिजे. मग त्याच मुलांना गावच्या पटाची लांबी फुटांत आणि जिंकलेल्या जोडीची वेळ सेकंदांत विचारून आणायला सांगावी, आणि तिचाही ताशी वेग काढायला लावावा.